शेऱ्याचा रकाना

तापीच्या पाण्याची पातळी
मी एकोणीस वर्षं लिहीत होतो,
सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला,
निळ्या शाईनं.
शेऱ्याचा रकाना रिकामाच जायचा.
कधी 'निरंक', कधी तेही नाही.

चैत्र सरताना धरण ओसरलं
की जुनं आमखेडं वर यायचं.
आधी पाराचा चौथरा, मग चक्कीचा पाया,
मग मथुरामावशीचं खळं,
आताच सारवल्यासारखं गुळगुळीत,
चहूबाजूंनी पाणी.
नकाशात त्या बेटाला नाव नाही.
आम्ही खळंच म्हणायचो.

तिथं नदीसुरय उतरायचे.
काळी टोपी, पिवळी चोच,
शेपटीच्या कात्रीनं हवा कापत.
घरटं कसलं, टाचेनं दाबावी तेवढी खळगी,
तीत दोन-तीन अंडी वाळूच्याच रंगाची,
वर डाग, कुणी पेन झटकल्यासारखे.
सुपडू भोई म्हणायचा,
"पाय पाहून टाक भो,
इथं जमीनच अंडं घालते."

एका वर्षी मावशी आली, नव्या गावातून,
सुपडूच्या होडीत अंग चोरून बसलेली.
खळ्याच्या मधोमध रोवलेली मेढ
तिला न्यायची होती.
बाभळीची. तीन पिढ्यांचे बैल
फिरले होते तिच्याभोवती.
पहिलंच पाऊल टाकलं
अन् आभाळ अंगावर आलं.
अकरा जोडपी.
एक पदरावर शिटलं,
एकाची चोच अंबाड्याला लागून गेली.
मावशी उभी राहिली. चिडली नाही.
"माझी सासू अशीच धावून यायची," म्हणाली,
"रास उघडी असताना
कुणी पायताण घालून खळ्यात आलं की."
आणि होडीत परत चढली.
मेढ तिथंच.

त्याच वैशाखात वरून पाणी सुटलं.
कागद बरोबर होता :
शहराला पाणी, केळीला पाणी, सही, शिक्का.
तासाला दोन बोटं चढणार होतं.
मी साहेबांना फोन लावला.
त्यांनी विचारलं, किती अंडी?
म्हणालो, सव्वीस.
पलीकडे पंखा फिरत होता,
तोच ऐकू आला बराच वेळ.

रात्री सुपडू, मी, आणि त्याची पोरगी कस्तुरा.
खताची रिकामी पोती, त्यांत वाळू.
एका वेळी एक खळगी, वीतभर वर,
मग थांबायचं, मग पुन्हा वीतभर.
एकदम उचललं तर आई ओळखत नाही,
हे सुपडूला कुणी सांगितलं कोण जाणे.
कस्तुरा बॅटरी मुठीत धरायची,
उजेड बोटांतून लाल गळायचा.
गरम असतात अंडी.
मला माहीत नव्हतं.
एवढी वर्षं मी त्यांना काठावरून मोजत होतो.

"ही पाखरं समुद्राची का?" तिनं विचारलं.
मी समुद्र पाहिलेला नाही.
तापी तिकडं जाते, सुरतेच्या पुढं, एवढं ठाऊक.
म्हणतात, तिथं पाखरांसाठी
आख्खी बेटं राखून ठेवतात,
पाटी असते, पहारा असतो, माणसाला मनाई.
आमच्याकडे पोती होती,
त्यांवर छापलेला एक हसरा शेतकरी,
गळ्यापर्यंत पाण्यात.

पहाटे पाणी तिसऱ्या थराला येऊन थांबलं.
सात खळग्या गेल्या.
एक मादी बुडाल्या जागेवर
उतरायला पाहत होती, उतरत नव्हती,
पुन्हा पाहत होती.

सहा वाजता पातळी लिहिली.
मग शेऱ्यात :
'खळ्यावर नऊ अंडी कोरडी.
मेढीवर एक सुरय बसलेला.'

आठवड्यानं खाली लाल शाई उमटली :
'कोणत्या नियमानुसार?'
उत्तर द्यायचं राहून गेलं.

पुढच्या चैत्रात मेढ दिसली नाही.
पाखरं आली,
जरा अलीकडं, चक्कीच्या पायावर.